पाठ घासायची, पोट नाही: मॉडेल बोटीचा पंखा पातळ करताना

प्रोपेलरला आमच्याकडे पंखाच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. ओतीव पितळी पंखा विकत आणला की मी आधी अंगठ्याचं नख पात्याच्या कडेवर आडवं टेकवून बघतो. कड जाड, गोलसर आणि बोथट लागते. यात बनवणाऱ्याचा दोष नाही. ओतकामात फार पातळ जागेत धातू भरत नाही, तिथे पोचायच्या आधीच थिजतो, म्हणून पातं मुद्दाम जाड ठेवावं लागतं. कोल्हापूरला उद्यमनगरात माझी सगळी नोकरी फिटर म्हणून गेली, आजूबाजूला ओतकामं होतीच. त्यामुळे ही जादा जाडी मला कच्च्या मालासारखी दिसते. ती काढणं हे आपलं काम.

भाच्याने चार वर्षांपूर्वी रेडिओवर चालणारी बोट आणली आणि म्हणाला, ‘मामा, एवढा पंखा घासून द्या.’ तेव्हापासून मी हे करतोय. इथे जे सांगतोय ते ४० मिलिमीटर व्यासाच्या, दोन पात्यांच्या पितळी पंख्यावरून सांगतोय, कारण तो स्वस्त मिळतो आणि शिकायला तोच बरा.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पात्याला पोट असतं आणि पाठ असते. बोटीच्या मागे उभं राहून पंख्याकडे बघितलं की जी बाजू आपल्याला दिसते ती पोट. हीच बाजू पाणी मागे ढकलते. तिचा पीळ म्हणजेच पंख्याचा पिच, एका फेऱ्यात पंखा जितका पुढे सरकायला बघतो ते अंतर. उलटी, बोटीकडे तोंड केलेली बाजू ती पाठ. जाडी काढायची ती फक्त पाठीवरून. पोटावर कानस फिरली की पिच बदलला, आणि दोन्ही पात्यांवर तो सारखा बदलणं हाताने जवळजवळ अशक्य. पोटाला शेवटी फक्त बारीक वॉटर पेपर लावायचा, तोही ओतकामाचा खरखरीतपणा जाण्यापुरता.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे मूळ, जिथे पातं मधल्या बोंडाला, हबला मिळतं. तिथे ओतकामात एक गोलाई दिलेली असते. ती तशीच ठेवायची. माझ्या पहिल्या पंख्यावर मी घाईने ग्राइंडर लावला आणि मुळाशी एक बारीक खाच पडली. दिसायला काहीच नव्हतं. तिसऱ्या फेरीत तिथूनच पातं तुटलं. उरलेल्या एका पात्याने शाफ्ट इतका हादरला की नळीभोवतीचं चिकटवण सुटलं आणि बोटीत पाणी शिरलं. भाचा काठावर उभा होता, बोट कलंडताना त्याने बघितली. तेव्हापासून मुळाजवळ मी यंत्र नेत नाही.

धातू कोणता, ते आधी बघा

हा भाग कृपा करून सोडू नका. शर्यतीच्या बोटींसाठी मिळणारे पुष्कळ ओतीव पंखे बेरिलियम कॉपरचे असतात. अमेरिकेतल्या ऑक्टुरा कंपनीचे एक्स मालिकेतले पंखे याच धातूचे आहेत. त्यांच्या क्रमांकातच माप असतं. एक्स ४४० म्हणजे पिच व्यासाच्या १.४ पट आणि व्यास ४० मिलिमीटर. एक्स ६४२ म्हणजे १.६ पट आणि ४२ मिलिमीटर. धातू उत्तम आहे, पितळेपेक्षा खूप ताकदीचा, त्यामुळे पातं जास्त पातळ करता येतं. पण त्यात साधारण दोन टक्के बेरिलियम असतं आणि त्याची धूळ श्वासातून गेली तर फुप्फुसाचा कायमचा आजार होऊ शकतो. हा आजार कधीकधी अनेक वर्षांनी उमटतो. अमेरिकेने २०१७ मध्ये कारखान्यातल्या हवेतली बेरिलियमची मर्यादा दहा पटीने कमी करून घनमीटरला ०.२ मायक्रोग्रॅमवर आणली, यावरून काय ते समजा.

अखंड पंखा नुसता हातात धरल्याने काही होत नाही. धूळ करायची नाही, एवढंच. बेरिलियम कॉपर कोरडं घासायचं नाही, त्याला ग्राइंडर किंवा फिरतं हत्यार लावायचं नाही, एअरगनने फुंकायचं नाही. परातीत पाणी घेऊन, पाण्याखालीच कानस आणि वॉटर पेपर चालवायचा. चांगला बसणारा मास्क लावायचा. गाळ ओल्या फडक्याने टिपून, फडकं ओलं असतानाच पिशवीत बांधून टाकायचं. ते घरच्या कपड्यांत धुवायचं नाही. रंगावरून पितळ आणि बेरिलियम कॉपर ओळखायला जाऊ नका, फसाल. धातूची खात्री नसेल तर तो बेरिलियम कॉपरच आहे असं धरून ओलं काम करा.

मी पितळसुद्धा ओलंच घासतो. ओतीव पितळेत शिसं असू शकतं. काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावत नाही, आणि भाच्यालाही लावू देत नाही.

प्लास्टिकचे पंखे असतात, त्यांना ब्लेडने खरवडून धार आणता येते. पण जोरात चालवल्यावर ते मुळातच वाकतात, त्यांना पातळ करून फार काही हाती लागत नाही. यंत्रावर कापलेले ॲल्युमिनियमचे पंखे आधीच पातळ येतात. त्यांची फक्त धार आणि बॅलन्स बघायचा.

हत्यारं

फार लागत नाहीत. एक सहा इंची अर्धगोल कानस, मध्यम दाताची. एक संच सुई कानशींचा. माझा संच गुजरीजवळच्या एका दुकानातून सोनारकामाच्या हत्यारांबरोबर घेतलेला आहे आणि तो साध्या हार्डवेअरच्या दुकानातल्या संचापेक्षा खूप चांगला निघाला. वॉटर पेपर २२०, ४००, ६००, १०००. व्हर्नियर. खिशात मावणारा ०.०१ ग्रॅमचा काटा. कायम शाईचं मार्कर पेन. खडू. एम-सील.

कानशीबद्दल फिटरची जुनी शिस्त सांगतो. नवी कानस आधी पितळेवर वापरायची आणि दात थोडे मेले की पोलादावर. पोलादावर चाललेली कानस पितळेवर घसरते, मग आपण जोर लावतो आणि जोर लावला की चूक होते. या कामासाठी नवी कानस घ्या आणि ती वेगळी ठेवा. पितळेवर कोरडे हात मारायचे असतील तर दातांवर आधी खडू घासा. कीस दातांत अडकत नाही. अडकलेला एक कण पात्यावर असा ओरखडा काढतो की तो घालवायला पुन्हा अर्धा तास जातो.

व्हर्नियरची एक अडचण आहे. पात्याचं पोट खोलगट असतं आणि व्हर्नियरचे जबडे सपाट. त्यामुळे जाडी खरीपेक्षा जास्त दिसते. मी पोटाच्या बाजूला बेअरिंगमधली ३ मिलिमीटरची गोळी धरून माप घेतो आणि ३ वजा करतो. गोळीला ग्रीसचा ठिपका लावला की ती जागेवर बसते.

पाळणा

या सगळ्या कामात मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट ही आहे. पंखा नुसता हातात किंवा व्हाइसमध्ये धरून घासला तर कानशीच्या दाबाने पातं खाली दबतं. टोकाजवळ तर फारच. मग कानस मधोमध जास्त खाते आणि कडेला कमी, आणि पातळ झालेलं पितळी पातं हळूहळू वाकतं ते वेगळंच.

म्हणून पात्याच्या पोटाला टेकू द्यायचा. लाकडाचा एक ठोकळा घ्या. त्याला भोक पाडून पंख्याच्या भोकात बसेल असा बोल्ट उभा करा. पोटावर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा. एम-सील मळून ठोकळ्यावर लावा आणि पंखा पोट खाली करून त्यात अलगद दाबा. रात्रभर ठेवा. सकाळी पंखा उचलला की पात्याच्या पोटाचा हुबेहूब ठसा मिळतो. हा पाळणा. त्यात पातं ठेवून बोल्टचा नट आवळला की पातं पूर्ण टेकलेलं राहतं, कितीही दाबा.

आता पंखा अर्धा वळवून दुसरं पातं त्याच पाळण्यात बसवून बघा. नीट बसलं तर दोन्ही पात्यांचा पीळ सारखा आहे. कुठे डुगडुगलं, कुठे उजेड दिसला, तर दोन पात्यांत फरक आहे. हा फरक ओतकामातूनच आलेला असतो आणि पुष्कळ पंख्यांत असतो. पितळ असेल तर पकडीच्या जबड्यांना चामडं लावून पातं किंचित वळवता येतं. केसभरच, आणि पुन्हा पाळण्यात बसवून बघायचं. बेरिलियम कॉपर वाकवायला जाऊ नका.

पीळ आकड्याने बघायचा असेल तर पुठ्ठ्याचा त्रिकोण कापा. १.४ पिचचा ४० मिलिमीटरचा पंखा एका फेऱ्यात ५६ मिलिमीटर पुढे सरकायला बघतो. मध्यापासून १४ मिलिमीटरवर त्याच्या वर्तुळाचा घेर साधारण ८८ मिलिमीटर. ५६ भागिले ८८, त्याचा कोन साडेबत्तीस अंश. त्या जागी, पंखा ज्या पातळीत फिरतो तिच्याशी पोटाचा कोन एवढा यायला हवा.

घासणं

आधी आकार जुळवा. कागदावर एका पात्याची कड पेन्सिलने काढा, पंखा अर्धा फिरवा, त्याच रेघेवर दुसरं पातं ठेवा. जे बाहेर डोकावेल ते घासा. पुष्कळ जण आधी जाडी काढतात, मग आकार जुळवायला जातात आणि बॅलन्सच्या वेळी अडकतात.

मग पाठीवर मार्करने मध्यापासून ९, १४ आणि १८ मिलिमीटरवर तीन कमानी काढा. प्रत्येक कमानीवर तीन ठिपके, म्हणजे पात्यामागे नऊ मापं. वहीत लिहा. माझ्या मागच्या पंख्याची मधली मापं अशी होती: ९ वर १.९, १४ वर १.६, १८ वर १.३ मिलिमीटर. काम झाल्यावर अनुक्रमे १.५, १.० आणि ०.७. वजन ११.३ ग्रॅमवरून ९ ग्रॅमच्या आत आलं. पितळेला मी याखाली नेत नाही. पितळ मऊ आहे, फार पातळ पातं जोर आला की उलगडतं, पिच हरवतो, आणि बोट आवाज जास्त करते पण पळत नाही.

आता सगळी पाठ मार्करने काळी करा. कानस टोकाकडून मुळाकडे तिरकी, लांब हाताने चालवा. काळी शाई जिथे गेली तिथे कानस लागली, जिथे राहिली तिथे लागलेली नाही. वीस हात झाले की थांबा, पुन्हा काळं करा, पुन्हा वीस. मग पंखा वळवून दुसऱ्या पात्याला तेवढेच वीस. एक पातं पुरं करून मग दुसऱ्याला हात घालायचा नाही. आपला हात तासाभराने वेगळा चालतो, दोन पाती दोन माणसांनी केल्यासारखी निघतात.

फिरत्या हत्याराला, म्हणजे ड्रेमेलसारख्या यंत्राला, मी पूर्ण नाही म्हणत नाही. पितळेवर जाडी जास्तच असेल तर सँडिंग ड्रम कमी वेगात, सतत हलता ठेवून, मधल्या भागापुरता वापरता येतो. पण तो एका जागी क्षणभर थांबला की खड्डा पडतो, आणि खड्ड्याएवढी सगळी पाठ खाली आणावी लागते. एकेक शतांश मिलिमीटरचं काम आहे, त्याला कानस पुरेशी वेगवान आहे.

हव्या मापाच्या ०.१ अलीकडे कानस ठेवून द्या. उरलेलं वॉटर पेपरने, रबराच्या तुकड्याभोवती गुंडाळून, २२० पासून १००० पर्यंत. आरशासारखी चकाकी वेगासाठी लागत नाही, मी हजारला थांबतो. फक्त मुळाजवळचे शेवटचे हात पात्याच्या लांबीने, मुळाकडून टोकाकडे मारा. पातं वाकतं ते मुळाशी, आणि आडवे ओरखडे असले तर भेग तिथूनच सुरू होते.

धार

इथे तुमची बोट कोणती ते महत्त्वाचं. शर्यतीच्या बोटीचा पंखा अर्धा पाण्याबाहेर फिरतो. पातं दर फेऱ्याला हवेतून पाण्यात शिरतं. तिथे पाणी आधी कापणारी पुढची धार चाकूसारखी हवी, आणि ती पाठीकडूनच उतरती करायची. पाठीमागे हवेची पोकळी राहते, त्यामुळे पाठीचा आकार तिथे थोडा पुढेमागे झाला तरी चालतो. मागच्या धारेला मात्र धार आणू नका. तिची कड चौकोनी, कोपरे स्वच्छ ठेवा. काही पंख्यांना मागच्या कडेला बारीक वळण दिलेलं असतं, ते घासून घालवलंत तर पंख्याची ताकदच गेली.

ओढबोट, मच्छीमार बोट, युद्धनौका अशी हुबेहूब मॉडेलं चालवत असाल तर पंखा पूर्ण पाण्याखाली असतो. तिथे पुढची धार बारीक पण गोलसर हवी. सुरीसारख्या धारेवर पाणी थोडं जरी वाकडं आलं तरी पाठीवरचा दाब एकदम कमी होतो आणि वाफेचे बुडबुडे होतात. याच दुखण्याने ब्रिटिश इंजिनिअर चार्ल्स पार्सन्सच्या ‘टर्बिनिया’ या वाफेच्या टर्बाइनवरच्या बोटीला १८९४ मध्ये अडवलं होतं. टर्बाइन जोरदार, पण एकच पंखा पाण्यात पोकळी करून नुसता फिरायचा. त्याने तांब्याच्या छोट्या बंदिस्त टाकीत मॉडेल पंखे फिरवून ते बुडबुडे डोळ्यांनी बघितले आणि शेवटी तीन शाफ्टवर तीन तीन असे नऊ पंखे लावले. १८९७ मध्ये ती बोट ३४ नॉटच्या वर पळाली. आज ती इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या संग्रहालयात आहे. छोट्या पंख्यावर केलेलं काम मोठ्या बोटीला तारून गेलं, हे मला फार आवडतं.

बॅलन्स

आमच्या बोटीत ११.१ व्होल्टची बॅटरी आणि व्होल्टला २००० फेऱ्यांची मोटर आहे. रिकामी मिनिटाला २२,२०० फेरे, पाण्यात १८,००० धरा. म्हणजे सेकंदाला ३०० फेरे. मध्यापासून १५ मिलिमीटरवर एका पात्यात नुसता ०.१ ग्रॅम जास्त असेल तर एवढ्या वेगात तो शाफ्टला अर्ध्या किलोच्या वजनाइतका ओढतो, आणि सेकंदाला तीनशे वेळा दिशा बदलून ओढतो. बेअरिंग, शाफ्टची नळी, सगळं त्यानेच जातं.

बाजारात लोहचुंबकावर तरंगणारे बॅलन्सर मिळतात, चांगले असतात. मी सिल्व्हर स्टीलचा सरळ दांडा वापरतो, पंख्याच्या भोकात चपखल बसणारा. दाढीची दोन ब्लेडं लाकडात समांतर उभी करून, स्पिरिट लेव्हलने पातळीत आणून, त्यावर दांडा ठेवतो. जड पातं खाली जाईल. त्याची पाठ टोकाच्या बाजूला वॉटर पेपरने चार हात घासा, पुसा, कोरडं करा, पुन्हा ठेवा. पाण्याचा एक थेंब राहिला तरी उत्तर चुकतं. आणि दर वेळी पंखा दांड्यावर अर्धा फिरवूनही बघा. उत्तर बदललं तर दोष पंख्याचा नाही, भोक आणि दांड्यातल्या ढिलाईचा आहे.

दोन्ही पाती आडवी राहू लागली तरी काम संपलेलं नसतं. पंखा उलटा करून तसाच आडवा ठेवा. तो पुन्हा पुन्हा वळून हबची एकच बाजू खाली आणत असेल तर जडपणा हबमध्ये आहे. मग पात्यांना हात न लावता हबच्या त्या बाजूवरून घासायचं. कुठल्याही स्थितीत ठेवला तिथे पंखा थांबला, की झालं.

पाण्यात

धार लावलेला पंखा खरोखर कापतो. बॅटरी जोडलेली असताना तो कधीच हातात धरायचा नाही, आणि पेटीत थर्मोकोलच्या खाचेत खोचून ठेवायचा. आम्ही बोट मेव्हण्याच्या शेततळ्यावर चालवतो. तळ्याला खाली प्लास्टिकचा कागद आहे, म्हणून काठापासून बोट हाताने आत ढकलून मगच मोटर सुरू करतो. कागदाला पंखा लागला तर शेतकऱ्याचं वर्षाचं पाणी जाईल.

पहिली फेरी अर्ध्या वेगाने घ्या. आवाज ऐका. एकसारखा सूर हवा, गुरगुर किंवा थरथर आली तर लगेच थांबवा. पातळ केलेला पंखा हलका फिरतो, फेरे वाढतात, म्हणून मोटर आणि स्पीड कंट्रोलर किती तापले ते हाताने बघा, मगच पूर्ण वेग. दर पाच बॅटऱ्यांनंतर मी पंखा काढून सोनाराच्या भिंगाखाली दोन्ही मुळं बघतो. केसाएवढी आडवी रेघ दिसली तर तो पंखा परत बोटीवर चढवत नाही.